मराठी कळफलकाची खडतर वाट

रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकलेखन यंत्रावर ‘किती’ लिहायचे तर आधी पहिली वेलांटी आणि मग क, असा क्रम होता. ‘सूर्य’मधला रफार मात्र य उमटल्यानंतर. तोंडाने एक क्रम म्हणायचा आणि बोटांनी दुसरा पाळायचा. यंत्राला भाषेशी देणेघेणे नव्हते, ते डावीकडून उजवीकडे ठसे उमटवत जाई. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या हाताखाली देवनागरीचे कित्येकशे खिळे असत. टंकलेखन यंत्रावर तीच लिपी शंभराच्या आत ठशांमध्ये कोंबली होती. म्हणून तिथे अर्धा ख आणि काना जोडून पूर्ण ख करावा लागे, आणि जोडाक्षरे मोडून लिहावी लागत.

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि पुढच्या काळात गावोगावी टायपिंग इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र हाती असले की सरकारी कचेरीतल्या नोकरीचे दार किलकिले होई. त्यासाठी लाखो मुलामुलींनी ती उलटसुलट बोटे घोटून घोटून पक्की केली. पुढे संगणक आला तो या बोटांवरच. त्या वेळी झालेली निवड मराठीला कशी महागात पडली, हे समजून घ्यायला हवे.

एक शहाणा मार्ग तेव्हा उपलब्ध होता. कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र आकाराला आले. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख नाव. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाल्यावर हे काम तिथे आले. जिस्टमागचा विचार साधा आणि खोल होता: संगणकाने अक्षराचा आकार नव्हे, तर अक्षर साठवावे. क नंतर इकार, असे उच्चाराच्या क्रमाने टंकावे. वेलांटी डावीकडे काढायची की रफार वर चढवायचा, ते यंत्राने पाहावे. भारतीय लिप्यांच्या वर्णमालेची रचना मुळात एक असल्याने एकाच संकेतावर मराठी, बंगाली, कन्नड सगळे चालू शकत होते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरवला: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मान्य केली. त्याच वर्षी आलेल्या, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली.

म्हणजे पाया घातलेला होता. इमारत मात्र भलतीकडेच उभी राहिली.

डीटीपीच्या दुकानाला कागद छापून हवा होता; मजकूर संगणकात कोणत्या रूपात साठतो याची तिथे कुणाला फिकीर नव्हती. तिथल्या पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नव्हती. मग रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट आले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी ही नावे त्या काळात संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये लिहा आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा. पडद्यावर ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे दिसतील. संगणकाने मराठी कधी साठवलीच नव्हती. त्याने साठवली होती रोमन अक्षरे, आणि वर चढवला होता देवनागरीचा मुखवटा. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एका प्रेसमध्ये जुळवलेले पुस्तक दुसऱ्या प्रेसमध्ये उघडत नसे. मजकुरात शोध घेता येत नसे, अकारविल्हे यादी लावता येत नसे. लेखकाने पाठवलेली फाइल संपादकाकडे कचरा होऊन पोहोचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून टंकायला बसावे लागे.

वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली तेव्हा हाच गोंधळ घराघरांत पोहोचला. वाचण्याआधी त्या त्या वृत्तपत्राचा फॉन्ट उतरवून घ्या, असे सांगितले जाई. काहींनी मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने फॉन्ट पानासोबत पाठवायला सुरुवात केली, पण ती पाने फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर नीट दिसत. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून गावाकडची बातमी वाचू पाहणाऱ्याला निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने देवनागरीला खरा आधार दिला. सोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट आर. के. जोशी यांनी घडवलेला. सुलेखनकार आणि कवी असलेला, आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवणारा हा माणूस. जगभरच्या संगणकांवर देवनागरी दिसू लागली ती त्यांच्या अक्षरात. तरीही विंडोज एक्सपीवर मराठी हवी असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करा, मग मूळ सीडी घाला, अशी अट होती. ज्याच्या घरी सीडी नव्हती, त्याच्या घरी मराठीही नव्हती.

त्यानंतरही मराठीच्या वाट्याला खास तिचे असे काटे राहिले. ‘दऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतला र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते निराळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर अ आणि चंद्र जोडून वेळ मारून नेली जाई, आणि कित्येक फॉन्टमध्ये त्या जोडणीत मधेच एक ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो या सगळ्या अडचणी झेलत. त्या काळात तिथे आपल्या वेळेतून लिहिणाऱ्यांचे ऋण मराठीने मानायला हवे.

मोबाइलवर तर भाषेलाच भुर्दंड होता. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, देवनागरीत ७०. त्यात ‘स्त्री’ हा एक शब्द सहा जागा खाई, कारण अर्धे स आणि त, र आणि वेलांटी असे सगळे वेगळे मोजले जाई. त्याच निरोपाला दुप्पट पैसे पडत. मग ‘तू कधी येणार’ हे रोमन लिपीत लिहिणारी एक अख्खी पिढी तयार झाली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हातातल्या यंत्राने दुसरा सोयीचा रस्ता ठेवलेलाच नव्हता.

इथूनच गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. बोटांना रोमन अक्षरांची सवय झालेली, म्हणून लिप्यंतर करणारे कीबोर्ड लोकप्रिय झाले. रोमनमध्ये टंका, देवनागरी आपोआप उमटेल. पण रोमनमधल्या एकाच अक्षरामागे त आहे की ट, न आहे की ण, हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. अंदाज चांगला यायचा तर लोक काय लिहितात हे त्याला शिकत राहावे लागते. इनस्क्रिप्टवर क दाबला की क येतो, त्यासाठी कुणालाही काही विचारावे लागत नाही. लिप्यंतर करणाऱ्या अनेक ऑनलाइन सेवांत मात्र टंकलेले प्रत्येक अक्षर आधी दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि मग मराठी होऊन परत येते. ज्या लिपीसाठी यंत्र नीट घडवले नाही, त्या लिपीच्या माणसाला लिहिता यावे म्हणून आपले खासगी लिहिणे परक्याच्या हाती सोपवावे लागले.

अँड्रॉइड फोनवर बाहेरचा कीबोर्ड सुरू करताना एक इशारा येतो: हे साधन तुम्ही टंकलेला सगळा मजकूर, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डाच्या क्रमांकासकट, गोळा करू शकते. तो वाचून थांबणारे थोडेच. इशारा पोकळ नाही. २०१६ साली स्विफ्टकी कीबोर्डच्या काही वापरकर्त्यांना परक्या माणसांचे ईमेल पत्ते सुचवले जाऊ लागले आणि कंपनीला आपली सिंक सेवा बंद ठेवावी लागली. २०१७च्या डिसेंबरात एआय डॉट टाइप या कीबोर्डच्या ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती उघड्यावर असल्याचे समोर आले. ज्या सर्व्हरवर ती होती त्याला पासवर्डच नव्हता. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने २०२४च्या एप्रिलमध्ये चिनी लिपीच्या कीबोर्डांची तपासणी प्रसिद्ध केली. नऊपैकी आठ कंपन्यांच्या कीबोर्डांत अशा त्रुटी होत्या की टंकलेला मजकूर वाटेत तिसऱ्याला वाचता यावा. चिनी लिपी कळफलकात मावत नाही, तिथेही रोमन अक्षरांवरून अंदाज बांधला जातो, आणि अंदाजासाठी मजकूर सर्व्हरकडे जातो. मराठी माणसाने ही बातमी शेजारच्या घरातली म्हणून सोडून देऊ नये.

लिहिण्याच्या खासगीपणाला आता कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले. माहिती घेण्याआधीची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय देणे या कायद्याने बंधनकारक केले आहे. मराठी त्या २२ भाषांपैकी एक आहे. इतकी वर्षे मराठी माणूस इंग्रजीतली न कळणारी चौकट ‘मान्य’ म्हणून बंद करत आला. आता ती चौकट त्याच्या भाषेत मागण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला आहे. सूचनेबाबतच्या नियमांच्या अंमलासाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली आहे.

मुदत संपण्याची वाट न पाहता वाचकाने काही गोष्टी आजच कराव्यात. फोनमध्ये कोणता कीबोर्ड चालू आहे आणि तो काय काय पाठवतो, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. नको असलेले कीबोर्ड काढून टाकावेत. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आधीपासून आहे, आणि केरळातल्या कार्यकर्त्यांनी घडवलेला ‘इंडिक कीबोर्ड’ मुक्तस्रोत आहे. आठवडाभर सराव केला तर बोटे वळतात. आणि एखाद्या ॲपने संमती मागितली, तर ती मराठीतून मागायला लावावी.