गॅरेजमधले मंडळ आणि एक अनावृत पत्र

संगणकाचा इतिहास वर्गात सांगताना आपण बहुधा यंत्रांची वंशावळ सांगतो. आधी निर्वात नळ्यांची यंत्रे, मग ट्रान्झिस्टरची, मग चिपची. ती यंत्रे वापरणारी माणसे एकत्र बसून काय बोलत होती, याला या वंशावळीत जागा नसते. खरे तर अशा बैठकांची परंपरा जुनी आहे. १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरातील आयबीएम-७०४ यंत्राच्या ग्राहकांनी 'शेअर' नावाचे मंडळ स्थापन केले. त्यांपैकी अनेक विमाने बनवणाऱ्या कंपन्या होत्या, बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. पण एकच आज्ञावली प्रत्येकीने वेगवेगळी लिहीत बसण्यात शहाणपण नाही, हे त्यांना पटले होते. आज्ञावली ही विकण्याची वस्तू आहे, असे तेव्हा फारसे कोणाच्या मनातही नव्हते. वीस वर्षांनी भांडण पेटले ते नेमके यावरूनच.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क गावची 'मिट्स' ही कंपनी त्याचे सुटे भाग ३९७ डॉलरना देत होती. जोडणी आपली आपण करायची. त्याला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. पुढच्या बाजूला खटके आणि लहान दिवे, आणि आत अवघी २५६ बाइटची स्मृती. प्रत्येक आज्ञा खटके वरखाली करून एकेका बाइटने आत घालायची, आणि वीज गेली की सारे पुसले जायचे. असे यंत्र घेऊन माणूस एकटा काय करणार?

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये बत्तीस जण जमले. फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी ही सभा बोलावली होती. तिचे पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' झाले. गर्दी वाढली तेव्हा सभा स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. ली फेल्सन्स्टाइन सभा चालवीत. त्यांची रीत शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. पहिल्या भागात एकेकाने उठून आपल्याकडे काय आहे, काय अडले आहे आणि कोणती नवी बातमी हाती आली आहे ते थोडक्यात सांगायचे. दुसऱ्या भागात सभा मोडायची आणि ज्याला ज्याच्याशी काम असेल त्याने त्याला गाठायचे. व्याख्याता नाही, अभ्यासक्रमही नाही. (आपल्या प्रशिक्षण शिबिरांतला चहाचा वेळच अनेकदा सर्वांत उपयोगी ठरतो, तसेच हे.)

एप्रिलमधल्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पिअर यांनी अल्टेअरशेजारी एक साधा रेडिओ ठेवला, खटक्यांनी आज्ञावली भरली, आणि रेडिओतून गाण्याची धून ऐकू आली. दोहोंमध्ये तार जोडलेली नव्हती. यामागचे विज्ञान सोपे आहे. संगणकातील विद्युत्प्रवाह सतत चालू-बंद होत असतो. त्यातून रेडिओलहरी बाहेर पडतात आणि जवळच्या रेडिओत खरखर उमटते. आज्ञांचे एखादे आवर्तन सेकंदाला ४४० वेळा होऊ दिले, तर त्या खरखरीला ४४० हर्ट्झचा स्वर मिळतो. अल्टेअरचे घड्याळ सेकंदाला वीस लाख ठोके देई. म्हणजे या स्वरासाठी एका आवर्तनाला सुमारे ४,५४५ ठोके लागावेत. आवर्तन लांबवले की स्वर उतरतो, आखडले की चढतो.

याच सभांना स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक हा तरुण अभियंता येत असे. २५ डॉलरच्या ६५०२ या चिपभोवती त्याने स्वतःचा संगणक रचला आणि त्याचा आराखडा सभासदांना फुकट वाटला. तोच १९७६ साली 'अ‍ॅपल-१' म्हणून विक्रीला आला.

भांडण मात्र वेगळ्याच वस्तूवरून झाले. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी अल्टेअरसाठी 'बेसिक' भाषेची आवृत्ती लिहून मिट्सला दिली होती. मिट्सकडूनच स्मृतीचे बोर्ड घेतले तर ती स्वस्त, नाहीतर महाग. आणि ते बोर्ड तर धड चालत नसत! जून १९७५ मध्ये पालो आल्टोतील एका हॉटेलात मिट्सचे प्रात्यक्षिक होते. तिथून बेसिकची भोके पाडलेली कागदी पट्टी कोणीतरी उचलली. पुढच्या सभेत तिच्या प्रती वाटल्या गेल्या, आणि अट एवढीच की एक नेली तर दोन आणून द्यायच्या.

३ फेब्रुवारी १९७६ ची तारीख घालून वीस वर्षांच्या गेट्सने हौशी मंडळींना अनावृत पत्र लिहिले. ते मंडळाच्या बातमीपत्रातही छापले गेले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे, आणि हिशेब केला तर आपल्या श्रमाला ताशी दोन डॉलरही पडत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. चोरीला त्याने चोरीच म्हटले.

श्रमाचे मोल मागण्यात त्याचे काही चुकले, असे मला वाटत नाही. पण सभासदांचीही बाजू होती. मूळ बेसिक भाषा १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी घडवली होती आणि ती सर्वांना मोकळी होती. गेट्सचे बरेचसे काम झाले तेही हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-१० यंत्रावर.

नक्कल करणे हे मात्र या बाजूचे सर्वांत दुबळे उत्तर होते. चांगले उत्तर आले ते नव्याने लिहिण्यातून. डेनिस अ‍ॅलिसन यांनी दोन-तीन हजार बाइटांत मावेल अशा 'टायनी बेसिक'चा आराखडा आधीच प्रसिद्ध केला होता. त्यावरून अनेकांनी आपापल्या आवृत्त्या लिहिल्या. टॉम पिटमन यांनी आपली आवृत्ती पाच डॉलरना विकली. एवढ्या किमतीत नक्कल करण्यापेक्षा विकत घेणेच सोयीचे. ली-चेन वांग यांनी १९७६ साली आपल्या आवृत्तीच्या माथ्यावर 'कॉपीराइट'ऐवजी 'कॉपीलेफ्ट' असे लिहिले. १९८४ नंतर 'क्लास' प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी संगणक आले. तेव्हा अनेक शिक्षकांनी जी पहिली संगणकभाषा शिकवली, ती याच बेसिकच्या कुळातली होती.

होमब्रूच्या सभा डिसेंबर १९८६ मध्ये थांबल्या. तोवर सभासदांपैकी कित्येकांनी कंपन्या काढल्या होत्या, आणि आपले आराखडे ते आता सभेत वाटत नव्हते.