एकाआड एक कैदी : मुंबईच्या प्लेगमध्ये लशीची परीक्षा कशी झाली?

(१) एखादी लस गुणकारी आहे, हे कसे ठरवावे? लस घेतलेले शंभर लोक धडधाकट राहिले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. लस घेतली नसती तर त्यांतले किती आजारी पडले असते, हे कळल्याशिवाय त्या शंभराला अर्थ नाही. पण एकच माणूस एकाच वेळी लस घेतलेला आणि न घेतलेला असू शकत नाही. म्हणून तुलनेसाठी दुसरी माणसे उभी करावी लागतात. ती कोण असावीत आणि त्यांची निवड कोणी करावी, या प्रश्नाचा कस १८९७-९८ मध्ये मुंबईच्या दोन तुरुंगांत आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात लागला. आजचा धागा त्याविषयी.

(२) सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी निदान केले : गाठीचा प्लेग. माणसे शहर सोडून पळू लागली. ऑक्टोबरमध्ये सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाठवले. ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून आलेले जंतुशास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. तेवढ्या जागेत काम सुरू झाले.

(३) हिंदुस्थान त्यांना नवखा नव्हता. १८९३ पासून ते येथे पटकीची लस टोचत होते आणि दोन-अडीच वर्षांत त्यांनी ४२,००० हून अधिक लोकांना ती टोचली होती. पण एक अडचण त्यांना सतत नडत होती. ज्या गावात लस टोचावी तेथे पटकी येईलच असे नाही आणि साथच आली नाही तर लशीची परीक्षाही होत नाही. कलकत्त्याच्या बस्त्यांत मात्र पटकी दरवर्षी ठरलेली. तेथे एकाच घरात राहणाऱ्या, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींनी लस घेतली, काहींनी नाही. तुलना करायची तर ती अशा घरांच्या आत करावी, हा धडा ते तेथे शिकले.

(४) प्लेगची लस करण्याची रीत थोडक्यात अशी. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना लगडून जंतू झुंबरासारखे खाली लोंबू लागतात. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही मोठ्या मात्रेत. ताप आला, वेदना झाल्या, दोन-तीन दिवसांत उतरल्या. यातून एकच गोष्ट कळली : लस माणसाला मारत नाही. ती प्लेगपासून वाचवते का, हा प्रश्न तसाच उरला.

(५) जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. प्रयोगाच्या दृष्टीने तुरुंग ही विलक्षण जागा. सर्वांचे अन्न एक, पाणी एक, झोपण्याची जागा एक. माणसे नेमकी मोजलेली आणि पळून जाणारे कोणी नाही. ३० जानेवारी रोजी हाफकिन यांनी कैद्यांपुढे लस ठेवली. जवळपास निम्मे पुढे आले.

(६) पुढच्या दिवसांतला हिशेब असा. लस न घेतलेले कैदी सुमारे पावणेदोनशे. त्यांत १२ रुग्ण, ६ मृत्यू. लस घेतलेले सुमारे दीडशे. त्यांत २ रुग्ण, मृत्यू एकही नाही. ज्यांच्या अंगावर टोचण्याच्या दिवशीच गाठी दिसल्या, त्यांना हिशेबाबाहेर ठेवले होते, कारण रोग त्यांच्या शरीरात आधीच शिरलेला होता. ही वजाबाकी रास्त आहे, पण एका अटीवर. तीच चाळणी दोन्ही गटांना लावली पाहिजे. लस घेतलेल्यांचे पहिल्या दिवसाचे रुग्ण वगळायचे आणि न घेतलेल्यांचे मोजायचे, असे केले तर पाण्याचीही लस यशस्वी ठरेल.

(७) आता संशयी वाचकाच्या भूमिकेत या. भायखळ्यात लस कोणी घेतली? जे स्वतःहून पुढे आले त्यांनी. पुढे येणारा कैदी कदाचित तरुण असेल, अंगाने धट्टाकट्टा असेल, स्वतःला जपणारा असेल. मागे राहिलेला कदाचित वृद्ध असेल, आधीच खंगलेला असेल. मग दोन गटांतला फरक लशीने पडला की माणसांच्या मुळातल्या फरकाने? आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिले तरी याचे उत्तर त्यांत सापडत नाही. निवड माणसांनी स्वतः केली, तेव्हाच ते उत्तर हातचे निसटले.

(८) हाच प्रश्न मोठ्या आकड्यांनाही विचारावा लागतो. १८९७ मध्येच पुण्याजवळ खडकीच्या लष्करी वस्तीत लस घेतलेले ६७१ होते. त्यांत ३२ रुग्ण, १७ मृत्यू. न घेतलेले ८५९. त्यांत १४३ रुग्ण, ९८ मृत्यू. म्हणजे मृत्यूचे प्रमाण शेकडा अडीच विरुद्ध शेकडा अकरा. पोर्तुगीज अमलाखालच्या दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले, तर न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. शेकडा दीड-पावणेदोन विरुद्ध शेकडा जवळपास पंचवीस!

(९) दमणचा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण यालाच संख्याशास्त्रात निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात : लोकांनी आपापले निर्णय घेतले, अभ्यासकाने फक्त नोंद केली. अशा नोंदीला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, लस घेणारे आणि न घेणारे घर, वय, पैसा, सावधपणा यांत सारखे होते का? दुसरा, साथीत माणसे गाव सोडून जातात. मग ६,०३३ हा छेद शेवटपर्यंत खरा राहिला का? अंश मोजणे सोपे, कारण मृत माणूस मोजता येतो. छेद मोजणे अवघड, कारण जिवंत माणूस चालता-फिरता असतो.

(१०) १८९८ च्या आरंभी मुंबईतच, उमरखाडीच्या तुरुंगात, प्लेग पुन्हा दिसला. या वेळी रीत बदलली. कैद्यांना रांगांत बसवले आणि दुसरा कोणताही भेद न करता एकाआड एक कैद्याला लस टोचली. धट्टाकट्टा की खंगलेला, धीट की भित्रा, हे कोणी पाहिले नाही. रांगेतल्या जागेने निर्णय केला. एवढ्या साध्या बदलाने भायखळ्याचा आक्षेप बराचसा गळून पडला.

(११) निकाल : लस न टोचलेल्यांत १० रुग्ण, ६ मृत्यू. टोचलेल्यांत ३ रुग्ण, मृत्यू नाही. टोचलेल्यांचा गट किंचित मोठाच होता. हा निव्वळ योगायोग असू शकेल का? गट समान धरले आणि लस निरुपयोगी मानली, तर १३ रुग्णांची वाटणी १३ वेळा नाणे फेकण्यासारखी ठरते. त्यात छापा तीनदा किंवा त्याहून कमी वेळा पडण्याची शक्यता शंभरात पाचांहूनही कमी. सहाच्या सहा मृत्यू न टोचलेल्यांकडे जाण्याची शक्यता ६४ मध्ये १. प्लेग एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो, म्हणून हे गणित ढोबळच. तरीही ते करता येते, ते रांगेमुळे. भायखळ्याच्या आकड्यांवर हेच गणित केले तर ते योगायोग दूर करील, पण माणसांच्या मुळातल्या फरकाचा संशय तसाच राहील.

(१२) याहून कसदार परीक्षा बडोद्यापासून काही मैलांवरच्या उंधेरा गावात झाली. फेब्रुवारी १८९८. गायकवाडी मुलुखातल्या या खेड्यात प्लेग आलेला होता. तेथे एकेक कुटुंब समोर बोलावले गेले आणि प्रत्येक कुटुंबाचे वय, लिंग आणि प्रकृती पाहून शक्य तितके सारखे दोन भाग केले. एका भागाला लस, दुसऱ्याला नाही. एकूण ५१३ जणांना टोचली, ४३७ जणांना नाही.

(१३) तुलना घराच्या आत नेल्याने काय साधले? एका घरातले उंदीर एक, पिसवा एक, जमीन एक, गरिबी एक. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झाले नव्हते. पण रोगाचे कारण नेमके ठाऊक नसतानाही चांगली योजना त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटून देते. चांगल्या प्रयोगरचनेचे हे मोठे सामर्थ्य आहे. ज्या गोष्टी आपल्याला कळलेल्याही नाहीत, त्यांच्यापासूनही ती आपल्याला वाचवते.

(१४) प्लेग २८ कुटुंबांत शिरला. या कुटुंबांत लस घेतलेले ७१ होते. त्यांत ८ रुग्ण, ३ मृत्यू. न घेतलेले ६४. त्यांत २७ रुग्ण, २६ मृत्यू. शेकडा चार विरुद्ध शेकडा चाळीस. हिशेबासाठी अख्खे गाव घेतले नाही, हेही ध्यानात घ्या. ज्या घरात प्लेग गेलाच नाही, तेथे लशीला काही सिद्ध करण्याची संधीच नव्हती.

(१५) येथे क्षणभर थांबले पाहिजे. ती २६ माणसे आकडे नव्हती. एकाच अंगणातून एकाला बोलावले, दुसऱ्याला तसेच ठेवले आणि दुसरा गेला. भायखळ्याचा निकाल वर्षभर आधीच हाती होता. मग निम्म्या गावाला लशीविना ठेवणे न्याय्य होते का? एक बाजू म्हणेल, भायखळ्याचा पुरावा कच्चा होता आणि पक्क्या पुराव्याविना लाखोंना टोचणे हा मोठा जुगार झाला असता. दुसरी बाजू विचारील, कैदी आणि खेडूत यांना नकार देण्याची मोकळीक कितीशी होती? जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, ती सक्तीच्या घरझडत्यांनी पेटलेल्या संतापातूनच. त्या काळात ‘संमती’ हा शब्द सरळ नव्हता. आज अशा प्रयोगाआधी लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता लागते.

(१६) सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये हे सारे पुरावे तपासले. एडिनबरोचे प्रा. फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने अनेक ठिकाणच्या आकड्यांच्या अचूकतेवर आणि लशीच्या मात्रेतील अनिश्चिततेवर बोट ठेवले. तरीही निष्कर्ष दिला की लशीमुळे प्लेग होण्याचे आणि प्लेगने मरण्याचे प्रमाण निश्चितपणे घटते. मात्र तिचे संरक्षण संपूर्ण नाही. पुरावा कोठे दुबळा आहे हे सांगूनही तो मान्य करता येतो, याचा हा चांगला नमुना.

(१७) आयोगाचे एक सदस्य होते आल्म्रोथ राइट, विषमज्वराच्या लशीचे जनक. १९०४ मध्ये त्यांच्याच लशीच्या लष्करी आकडेवारीची संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी कठोर चिकित्सा केली. आक्षेप ओळखीचा होता : स्वखुशीने लस घेणारा सैनिक मुळातच अधिक सावध असू शकतो. त्यांनी सुचवलेला उपायही ओळखीचा होता. लस घ्यायला तयार असणाऱ्यांचीच यादी करावी आणि त्यांतल्या एकाआड एकालाच टोचावे. उमरखाडीची रांग सहा वर्षांनी लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात पोहोचली होती!

(१८) पण रांगेतही एक चोरवाट आहे. पुढचा क्रमांक कोणाचा, हे टोचणाऱ्याला आधीच दिसते. त्याला एखाद्याची दया आली तर तो त्याला एक जागा पुढे-मागे सरकवू शकतो. म्हणून पुढे रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत निवड निव्वळ दैवावर, म्हणजे यादृच्छिक रीतीने, सोपवण्याचा आग्रह धरला. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्याची मांडणी केली. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांनी ठरलेली निवड बंद लिफाफ्यांत ठेवली. रुग्णाला दाखल करून घेईपर्यंत तो कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरलाही कळत नसे.

(१९) हाफकिन यांच्या वाट्याला मात्र एक क्रूर परीक्षा आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. पण तुलना येथेही बोलत होती. १९ ही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. इतर बाटल्यांतली लस घेतलेले सुखरूप होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याची साक्षही होती. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. आयुष्याची पाच वर्षे त्यात गेली.

(२०) इतिहास वाचताना आकडे भेटतातच : अमुक उपायाने इतके वाचले, तमुक धोरणाने इतके सुधारले. अशा वेळी प्रथम विचारावे, कोण कोणत्या गटात जाणार हे कोणी ठरवले? माणसाने स्वतः, अधिकाऱ्याने, रांगेने की चिठ्ठीने? मग विचारावे, छेद कोठून आला, कोणाला वगळले आणि तो नियम दोन्ही बाजूंना लागला का? परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली गेलेली ती प्लेग प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून उभी आहे. तिच्यावरून जाल तेव्हा उमरखाडीच्या रांगेतला तो दुसरा कैदीही आठवा, ज्याच्यापर्यंत सुई पोहोचली नाही. लशीबद्दल आपल्याला जे खात्रीने कळले, त्यात त्याचाही वाटा आहे.