टाकीवरची दोन नावं

निसानने १९८९ साली ‘स्कायलाइन जीटी-आर’ची आर-३२ ही पिढी जपानच्या रस्त्यावर आणली, पण अमेरिकेत ती कधी शोरूममध्ये उभी राहिलीच नाही. अमेरिकेतल्या चाहत्यांनी तिची पाव शतक वाट पाहिली. तिथल्या १९८८च्या कायद्यानुसार परदेशी गाडी २५ वर्षांची झाली, की तिला तिथले सुरक्षेचे निकष लागू होत नाहीत. त्यामुळे २०१४ पासून आर-३२ गाड्या जहाजांत चढून अमेरिकेला जाऊ लागल्या. कॅनडात हीच मुदत १५ वर्षांची आहे, म्हणून तिथे त्या कितीतरी आधी पोहोचल्या होत्या. गाडी मिळायची जपानमधल्या लिलावांतून. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली सक्तीची तपासणी ३ वर्षांनी होते, मग दर २ वर्षांनी, आणि गाडीने १३ वर्षं ओलांडली की करही वाढतो. असा खर्च करत बसण्यापेक्षा मालक धडधाकट गाडी विकून मोकळा होतो, आणि दुसऱ्या देशातला कुणी तरी तिच्यासाठी बँकेतली ठेव मोडतो.

अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी इंजिनिअर आज अशी गाडी रीतसर विकत घेऊ शकतो, स्वतःच्या नावावर करू शकतो. स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ताही उजव्या बाजूचा, एवढी एक अडचण त्याला सोसावी लागते. भारतात तर ती अडचणही नाही. आपण जपानसारखेच डावीकडून गाडी चालवतो. तरीही त्याच्या संभाजीनगरातल्या चुलत भावाला तीच गाडी मिळत नाही. आपल्याकडे वापरलेली मोटार आयात करायची तर ती ३ वर्षांहून जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच यावी लागते, आणि जकात गाडीच्या किमतीच्याही वर जात आली आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी हे दार २०२५ मध्ये किलकिलं झालं, पण १९८९च्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. निसानने स्वतः जीटी-आर भारतात आणली ती २०१६च्या डिसेंबरात, आणि तिची किंमत होती १ कोटी ९९ लाख रुपये.

म्हणजे ज्या पिढीला ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात मराठवाड्यात मिसरूड फुटलं, तिच्या वाट्याला जपानी स्पोर्ट्‌स कार आलीच नाही. जपानी वेग मात्र आला. तो तयार गाडीच्या रूपात न येता ड्रॉइंग, डाय आणि तांत्रिक करार यांच्या वाटेने आला, आणि दोन चाकांवर आला. या वाटेवरचा महाराष्ट्रातला मोठा मुक्काम म्हणजे वाळूज.

वाळूज हे गंगापूर तालुक्यातलं, नगर रस्त्यावरचं गाव. शेजारी रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, आणि आषाढीला लाखोंची गर्दी खेचणारं छोटं पंढरपूर. १९७२च्या दुष्काळाची आठवण इथल्या घराघरांत ताजी होती. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या संभाजीनगर शहराजवळ रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा अशा दोन औद्योगिक वसाहती होत्या. पण मोठा वाहन कारखाना मराठवाड्यात नव्हता. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला राज्य सरकारच्या सवलती होत्या, एमआयडीसीची जमीन होती, आणि पैठणला जायकवाडीचं धरण भरू लागल्यामुळे पाण्याचीही सोय झाली होती. इकडे पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज ऑटोला स्कूटरची मागणी पुरवता येत नव्हती. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. १९ जानेवारी १९८४ रोजी वाळूजच्या कारखान्याची पायाभरणी झाली. बांधकाम सुरू झाल्यापासून १६ महिन्यांत उत्पादन सुरू झालं, आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी कारखान्याचं उद्घाटन केलं. आजूबाजूला उभी राहिलेली वस्ती बजाजनगर याच नावाने ओळखली जाऊ लागली.

तो काळच जपानी कंपन्यांच्या आगमनाचा होता. सरकारने १०० सीसीच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला मुभा दिली, आणि पाहता पाहता चार जोड्या जमल्या. टीव्हीएसने सुझुकीशी, हिरोने होंडाशी, एस्कॉर्ट्‌सने यामाहाशी हात मिळवला. बजाजच्या वाट्याला आली कावासाकी. इंड-सुझुकी १९८४ मध्ये, हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० १९८५ मध्ये रस्त्यावर आल्या. कावासाकी बजाजची केबी-१०० आली १९८६ मध्ये, वाळूजच्या उद्घाटनाला वर्ष होतं न होतं तोच. या चौघींच्याही आधी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्‌सने यामाहाची आरडी-३५० ‘राजदूत ३५०’ या नावाने काढली होती. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, आणि त्या काळच्या रस्त्यांना पेलणार नाही एवढी ताकद. पेट्रोल ती अक्षरशः प्यायची. तेव्हा गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आज तिच्या एका इंजिन कव्हरसाठी लोक राज्यं ओलांडतात.

कावासाकीचं कूळ समजून घेतल्याशिवाय केबी-१००चं आकर्षण कळत नाही. कावासाकी मुळात जहाजं आणि विमानं बांधणारी. मोटारसायकलीत ती उशिरा उतरली आणि मेगुरो ही जुनी जपानी कंपनी तिने आपल्यात सामावून घेतली. मेगुरोची मोठी मोटारसायकल ब्रिटिश बीएसएच्या धर्तीवरची होती, त्यातूनच कावासाकीची डब्ल्यू-१ निघाली. पुढे १९६९ मध्ये एच-१ आली. तीन सिलिंडर, दोन स्ट्रोक, ५०० सीसी, आणि चालवणाऱ्याची परीक्षा पाहणारा स्वभाव. १९७२च्या ९०० सीसी झेड-१ ने तर साऱ्या जगाला मान वर करून पाहायला लावलं. याच घराण्याचं नाव १०० सीसीच्या टाकीवर, खाली बजाज लिहून, मराठवाड्यातल्या तरुणासमोर आलं. टाकीवर दोन नावं असणं ही त्या काळात खात्रीची खूण मानली जायची. एक नाव कौशल्याचं, दुसरं घरचं. पुढे केबी-१००चीच आरटीझेड आली तेव्हा तिच्या टू-स्ट्रोक आवाजावरूनच गल्लीतल्या पोरांना गाडी कोणाची ते ओळखू यायचं.

कारखान्याच्या भिंतीबाहेर जे घडलं ते याहून मोठं होतं. मोटारसायकलीचे सुटे भाग करायला माणसं लागणार होती, आणि ती जवळच हवी होती. राहुल बजाज यांचे भाचे अनुरंग आणि तरंग जैन हे जुळे भाऊ याच काळात औरंगाबादला आले. अनुरंग जैन यांनी १९८५ मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचं काम सुरू केलं, त्यातून एन्ड्युरन्स वाढली. तरंग जैन यांची व्हेरॉक १९९० मध्ये प्लास्टिकच्या भागांपासून सुरू झाली. दोन्ही कंपन्या पुढे शेअर बाजारात गेल्या आणि युरोपातही कारखाने चालवू लागल्या. दोघांचाही पत्ता आजही वाळूज एमआयडीसीच आहे. पण वाळूजची खरी घडण झाली ती नावाची पाटी लहान असलेल्या शेकडो शेडमध्ये. बीड, जालना, परभणीहून आलेली आयटीआयची पोरं लेथवर उभी राहिली. ज्यांच्या बापाने आयुष्यात मोजपट्टीपलीकडे काही वापरलं नव्हतं, ती मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचू लागली. जपानी ड्रॉइंगमधला टॉलरन्स पाळला नाही तर माल परत येतो, हे ती शिकली ते रिजेक्ट झालेल्या पेट्या उतरवून घेताना. औद्योगिक इतिहासाच्या पुस्तकांत करारांच्या तारखा असतात, या शिकण्याला तारीख नसते. पण मराठवाड्याच्या गेल्या चाळीस वर्षांत इतकी दूरवर पोहोचलेली दुसरी शाळा शोधावी लागेल.

७ जून १९९८ रोजी कावासाकी बजाज कॅलिबर वाळूजमधून बाहेर पडली. वर्षभरात तिने लाखाचा टप्पा गाठला. ती चार स्ट्रोकची होती, आणि तिच्याआधीची १९९१ची ४-एस चॅम्पियनही चार स्ट्रोकचीच. धुराचे नियम १९९६ आणि २००० मध्ये कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक मोटारसायकलींची सद्दी संपली. यामाहाची आरएक्स-१०० सुद्धा १९९६ मध्ये थांबली. २००१च्या जानेवारीत बजाजने कावासाकीची एलिमिनेटर आणली. लांब, बुटकी, आरामात पाय पसरून बसायची गाडी. त्याच वर्षी नोव्हेंबरात आली पल्सर, बजाजच्या स्वतःच्या ड्रॉइंग बोर्डवर जन्मलेली. चार वर्षांनी एलिमिनेटरचं रूपडं ठेवून आत पल्सरचं इंजिन बसवलं गेलं आणि तिचं नाव झालं ॲव्हेंजर. शिष्य कुठपर्यंत आला हे त्या एका अदलाबदलीत दिसतं.

पैसाही आला. २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच खेपेला १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. ती बातमी देशभर गाजली. त्या दीडशे गाड्यांविषयी खूप लिहिलं गेलं. पण या शहराचं वाहनप्रेम पाहायचं असेल तर मर्सिडीजच्या रांगेपेक्षा एखाद्या गल्लीबोळातल्या गॅरेजात, उघड्या पडलेल्या आरटीझेडपाशी थांबावं.

तिथलं काम सोपं नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. सायलेन्सरमध्ये काजळी बसते, गाडी दबते, मग मिस्त्री सायलेन्सर काढून आगीवर धरतो. सिलिंडर झिजला की लेथवर बोअर करून एक माप मोठा पिस्टन टाकायचा, आणि असं दोन-तीनदाच करता येतं. क्रँकचं ऑइल सील गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, आणि मालक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतो, दोष भलतीकडेच असतो. पण पिस्टन आणि रिंगा तरी कुठून ना कुठून मिळतात. आधी संपतं ते प्लास्टिक. साइड पॅनल, मीटरची काच, इंडिकेटर, टाकीचे स्टिकर. या वस्तूंसाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो, आणि एका गाडीला जिवंत ठेवायला दुसरी मोडावी लागते.

परदेशातल्या जपानी गाडीच्या मालकालाही हीच वणवण होती. मग कंपन्या जाग्या झाल्या. निसानने २०१७ मध्ये आर-३२ जीटी-आरचे बंद पडलेले भाग पुन्हा काढायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रा आणि २०००-जीटीसाठी तेच केलं. २०००-जीटी एकूण ३५१च बनल्या होत्या, तरीही तिच्या गिअरबॉक्सचे भाग नव्याने करण्यात कंपनीला कमीपणा वाटला नाही. वाळूजमध्ये हे जमणार नाही असं म्हणायला काहीच आधार नाही. ज्या गावात प्लास्टिकचे मोल्ड आणि ॲल्युमिनियमचे डाय रोज बनतात, त्याच गावात केबी-१००चं साइड पॅनल दुर्मीळ असावं ही खटकणारी गोष्ट आहे. कंपनीने जुनी ड्रॉइंग खुली केली आणि दोन-चार वेंडरांनी मनावर घेतलं, तर पाचशे नगांची एक बॅचसुद्धा कितीतरी गाड्या भंगारातून परत आणील.

दरम्यान वाळूजची मोटारसायकल स्वतःच परदेशात राहायला गेली आहे. १९९७ मध्ये कावासाकी बजाज बॉक्सर या नावाने जी साधी, काटक गाडी निघाली, तिचं नाव पुढे आफ्रिकेत असं रुजलं, की युगांडा-केनियातल्या बोडा-बोडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, चालकांची ती हक्काची गाडी बनली. एका गाडीवर तिघं प्रवासी आणि मांडीवर केळ्यांचा घड, अशी ती कंपालात फिरते. जपानी मूळ, वाळूजची घडण, आणि पोटापाण्याचा हिशेब युगांडाच्या शिलिंगमध्ये. क्लासिक म्हणून तिला तिथे कोणी जपत नाही, कारण ती अजून कामावर आहे.

बजाज आणि कावासाकी यांची भारतातली विक्री-सेवेची भागीदारी १ एप्रिल २०१७ पासून संपली. टाकीवरचं जपानी नाव तर त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक पट्ट्यात, टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्यासाठी ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी करार केला आहे. या वेळी जपान चार चाकांवर येऊ पाहतो आहे, आणि सुटे भाग करणाऱ्या हातांसाठी त्याला वाळूजकडे पाहावं लागेल.

जुन्या गाडीच्या मालकाचं लक्ष मात्र आरटीओच्या कागदांवर असतं. १५ वर्षांनी पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, मग दर ५ वर्षांनी तीच फेरी. २०२२ मध्ये दुचाकीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं. कितीतरी केबी आणि आरटीझेड याच टप्प्यावर कागदाअभावी कोपऱ्यात उभ्या राहिल्या. २०२१च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले, दुचाकींसह. वाहन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनं हवं. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. आणि रोजच्या वापराला ते चालणार नाही. नंबरात मग राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. १९८६ मध्ये पासिंग झालेल्या पहिल्या केबी-१०० या अटीत बसतील त्या २०३६ मध्ये. तोवर त्यांचं मूळ इंजिन, मूळ चॅसी आणि मूळ आरसी बुक यांतलं काहीही बदलू देऊन चालणार नाही.