बाई मीटिंगला का जातात?

“आज बाई केंद्राच्या मीटिंगला गेल्या,” असं लेकरू सांगतं, तेव्हा आपण कुरकुरतो. आम्हीही कुरकुरायचो. पण त्या मीटिंगमागं आपलीच गोष्ट आहे.

1991 च्या जनगणनेत देशातल्या सात वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींत साक्षर होत्या फक्त 39. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, 1994 ला, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. जिथं बायकांची साक्षरता देशाच्या सरासरीहूनही कमी, असे मागे पडलेले जिल्हे त्यासाठी निवडले. पहिल्याच टप्प्यात आपले नांदेड आणि लातूर होते.

दोन शिक्षकी शाळेतल्या बाईंनी अडचण सांगावी कुणाला? या कार्यक्रमानं जवळपासच्या शाळांच्या केंद्राला बळ दिलं. शिक्षक एकत्र बसू लागले. एकीनं चिंचोक्यांवर वजाबाकी शिकवली, तर दुसरीला ती युक्ती आपल्या शाळेत नेता येते.

आपल्या बचत गटाचंही तेच आहे. एकटीचं अडलेलं दहाजणींत सुटतं. म्हणून पुढच्या मीटिंगनंतर बाईंना विचारू या, “काय नवं शिकून आलात?” आणि आपलं लेकरू कुठं अडतं, तेही सांगू या.