काउंटीची शाखा-कार्यालये : संपादन व अर्थपुरवठा

अमेरिकेतील काउंटी सरकारे मुख्य ठाण्याबाहेरच्या कार्यालयांसाठी जागा कशी मिळवतात आणि तिचे पैसे कसे उभे करतात, याविषयीची नोंद. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग. तो आपल्या जिल्ह्यासारखा दिसला, तरी त्याचा कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे असतो आणि मालमत्ता कर हे त्याचे हक्काचे उत्पन्न असते. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. येथे मुख्यतः कॅलिफोर्नियाचा विचार केला आहे.

शाखांची गरज अंतरातून येते. सॅन बर्नार्डिनो काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे 52,000 चौ. किमी., म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. कोलोरॅडो नदीकाठचे नीडल्स हे गाव तिच्या मुख्य ठाण्यापासून 300 किमी.हून अधिक दूर आहे. अन्नसाहाय्याचा अर्ज करायला किंवा जन्मदाखला काढायला तिथल्या माणसाने एवढे वाळवंट ओलांडावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

लहान शाखा बहुधा खाजगी मालकाच्या इमारतीत भाड्याने असतात. काही वेळा विकासक काउंटीच्या गरजेप्रमाणे इमारत बांधतो आणि ती दीर्घ मुदतीने भाड्याने देतो. जागा विकत घ्यायची असेल, तर ठरावापूर्वी वृत्तपत्रातून जाहीर सूचना द्यावी लागते. ही खरेदी विकास आराखड्याशी जुळते की नाही, याचा अहवालही नियोजन यंत्रणेकडून घ्यावा लागतो. किंमत आणि देण्याच्या अटी यांची चर्चा काउंटीच्या निवडलेल्या पर्यवेक्षक मंडळाला बंद दाराआड करता येते, पण कोणत्या मालमत्तेविषयी आणि कोणाशी बोलणी चालू आहेत, हे आधी जाहीर करावे लागते.

पैशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. साठलेल्या निधीतून रोख खरेदी करणे सर्वांत सोपे. मात्र तेवढी शिल्लक क्वचितच असते. सर्वसाधारण कर्जरोखे काढायचे तर राज्यघटनेनुसार दोन-तृतीयांश मतदारांची संमती लागते. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ या मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला आणि नव्या रोख्यांच्या परतफेडीसाठी जादा कर लावण्याची वाटही बंद झाली. 1986 मधील घटनादुरुस्तीने ती पुन्हा उघडली, दोन-तृतीयांशाची अट मात्र राहिली. शाळा किंवा उद्यानासाठी लोक असे मत देतातही. कचेरीसाठी ते मिळवणे फार कठीण.

म्हणून भाडेपट्ट्याची वाट रूढ झाली. तिचा कायदेशीर आधार 1942 चा ऑफनर खटला. लॉस एंजेलिस शहराला कचरा जाळण्याची भट्टी भाड्याने घ्यायची होती. प्रत्येक वर्षाचे भाडे हा त्याच वर्षीच्या वापराचा मोबदला असेल, तर पुढील सर्व वर्षांची रक्कम घटनेच्या अर्थाने कर्ज ठरत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. प्रत्यक्षात काउंटी आपली जागा एखाद्या संयुक्त प्राधिकरणाला किंवा ना-नफा संस्थेला पट्ट्याने देते आणि तीच जागा इमारतीसह परत भाड्याने घेते. प्राधिकरण रोखे विकून बांधकामाचा पैसा उभारते, भाडे विश्वस्त बँकेकडे जमा होते आणि त्यातून रोखेधारकांचे व्याज व मुद्दल फिटते. कर्ज संपले की पट्टा संपतो आणि इमारत निर्वेध काउंटीची होते.

इमारत वापरण्याजोगी नसेल, तर त्या काळात भाडे देता येत नाही. बांधकाम चालू असतानाचे व्याज म्हणूनच रोख्यांच्या रकमेतून बाजूला ठेवतात आणि पुढे भाडे बुडण्याविरुद्ध विमा उतरवतात. भाडे थकले तरी उरलेल्या सर्व वर्षांची रक्कम एकदम मागता येत नाही. एवढी जोखीम असल्याने अशा रोख्यांची पत सर्वसाधारण रोख्यांपेक्षा सहसा एक पायरी खाली ठरते आणि व्याज थोडे चढते. मतदान टाळण्याची ही किंमत करदाताच भरतो, म्हणून मंडळाने ती आकड्यांत मांडून दाखवायला हवी.

या वाटेचा ताण ऑरेंज काउंटीत दिसला. गुंतवणूक निधीतील प्रचंड तोट्यामुळे तिने 6 डिसेंबर 1994 रोजी दिवाळखोरी जाहीर केली. जून 1995 मध्ये मतदारांनी विक्रीकरवाढ फेटाळली. पुढच्याच वर्षी काउंटीने स्वतःच्या इमारती भाडेपट्ट्यात गुंतवून सहभाग प्रमाणपत्रे, म्हणजे त्या भाड्यातील हिस्से, विकली. शाखा बांधण्यासाठीचे साधन येथे जुनी देणी फेडायला वापरले गेले, आणि त्यावर मतदान झाले नाही.

इतर राज्यांत अंकुश वेगळे आहेत. टेक्सासमध्ये ‘दायित्व प्रमाणपत्रे’ नावाचे कर्जरोखे काढण्यापूर्वी सूचना द्यावी लागते आणि पाच टक्के नोंदणीकृत मतदारांनी अर्ज केल्यास मतदान घ्यावे लागते. नॉर्थ कॅरोलिनात हप्तेबंदीच्या मोठ्या करारांना राज्याच्या स्थानिक शासन आयोगाची मंजुरी लागते. कॅलिफोर्नियापेक्षा हे दोन्ही उपाय नागरिकाच्या अधिक जवळचे वाटतात.

केंद्रीय कायद्याचा परिणाम सर्वत्र होतो. रोख्यांचे व्याज करमुक्त राहावे म्हणून इमारतीचा खाजगी वापर साधारण दहा टक्क्यांच्या आत ठेवतात. तळमजल्यावर दुकाने काढून भाडे कमावण्याच्या बेतांना त्यामुळे मर्यादा पडते. समाजकल्याण शाखेच्या जागेचा काही खर्च केंद्राकडून परत मिळतो, पण स्वतःच्या इमारतीबाबत घसारा आणि व्याजच धरले जाते, खरेदीची किंमत एकदम मागता येत नाही.