देवगिरी ते दारुलशिफा: दख्खनमधील अजीर्णविचार

हैदराबादच्या वैद्यकपरंपरेचा इतिहास बहुधा दारुलशिफापासून सांगितला जातो. मुहम्मद कुली कुत्बशहाने १५९५ च्या सुमारास, चारमिनारनंतर थोड्याच वर्षांत, उभारलेले हे रुग्णालय युनानी वैद्यकाची पाठशाळाही होते, आणि शहराचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. मात्र खाल्लेले अन्न पचत नाही तेव्हा शरीरात नेमके काय बिघडते, या प्रश्नाचा दख्खनमधील शास्त्रीय ऊहापोह त्याआधी तीन शतके देवगिरीला झालेला होता. आणि ज्या मराठवाड्यात देवगिरी आहे तो निजामाच्या राज्यात हैदराबादशी एकाच कारभाराने जोडलेला राहिल्यामुळे हा प्रवाह हैदराबादच्या वैद्यक इतिहासातून वगळणे योग्य ठरत नाही.

देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, असलेला हेमाद्री मराठी माणसाला हेमाडपंत म्हणून, दगडी देवळांमुळे आणि मोडी लिपीमुळे, आठवतो. त्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, हे त्यामानाने थोड्यांना माहीत असते. त्याच्या आश्रयाला असलेला वैयाकरण बोपदेव हा वैद्य केशवाचा मुलगा; केशवाने ‘सिद्धमंत्रा’त द्रव्यांची मांडणी ती वात, पित्त, कफ यांपैकी कोणता दोष वाढवतात वा शमवतात यावरून केली आणि मुलाने त्यावर ‘प्रकाश’ टीका रचली. राजकारभार, व्याकरण आणि वैद्यक यांचा असा संगम एका दरबारात झाला, ही दख्खनच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

हेमाद्रीने ज्या ग्रंथावर टीका केली त्यातील सूत्रस्थानाचा आठवा अध्याय ‘मात्राशितीय’ या नावाचा, म्हणजे मापाने जेवण्याविषयीचा, आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाने आणि एक पातळ पदार्थाने भरावा व चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असा त्यातील दंडक आहे. या विचारात जेवणापेक्षा अग्नी, म्हणजे पचवणारी शक्ती, मध्यवर्ती आहे: अग्नी मंदावला की अन्नाचा पहिला रस कच्चाच राहतो, या कच्च्या रसाला ‘आम’ म्हणतात, आणि अनेक रोगांचे मूळ त्यातच शोधले जाते. अजीर्णही सरसकट एक मानलेले नाही. आमाजीर्णात अंग जड होते, गाल व डोळ्यांभोवती सूज येते आणि खाल्लेल्या अन्नाचाच ढेकर येतो. विदग्धाजीर्णात तहान, चक्कर, आंबट ढेकर आणि जळजळ असते. विष्टब्धाजीर्णात पोट फुगते आणि दुखते. तर रसशेषात ढेकर शुद्ध असूनही अन्नाची इच्छा होत नाही. म्हणून पहिल्यात लंघन, दुसऱ्यात वमन, तिसऱ्यात शेक व स्वेदन आणि चौथ्यात न जेवता दिवसा थोडी झोप, असे उपचारही वेगळे. आधीचे जिरले नसताना पुन्हा जेवणे याला ‘अध्यशन’ असे स्वतंत्र नाव देऊन त्याची गणना आहाराच्या दोषांत केली आहे. मत्सर, भय आणि क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसाला अन्न पचत नाही, हे निरीक्षणही परंपरेत जुने आहे आणि ते आजही तितकेच मोलाचे आहे.

दारुलशिफातील हकिमांची परिभाषा निराळी होती, पण विचार परका नव्हता. युनानी वैद्यक पचनाला ‘हज्म’ म्हणते आणि ते जठर, यकृत, रक्तवाहिन्या व अवयव अशा चार टप्प्यांत होते असे मानते. आयुर्वेदही जठराग्नीनंतर भूताग्नी आणि धात्वग्नी सांगून पचन एका जागी संपत नाही हेच म्हणतो. हकिमांची ‘जवारिश’, म्हणजे पाचक अवलेह, जिऱ्यापासून बनते तेव्हा तिला ‘जवारिश कमूनी’ म्हणतात. अहमदनगरात वाढलेला आणि विजापुरात इतिहास लिहिणारा फिरिश्ता भारतीय वैद्यकावर फारसीत ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ रचतो, यावरून दख्खनच्या दरबारांत या दोन विद्यांची देवघेव कोणत्या पातळीवर चालली होती ते दिसते.

देवघेवीचा आणखी ठळक पुरावा हिंगात आहे. हिंगाष्टक चूर्णाचे मूळ ‘अष्टांगहृदया’च्या गुल्मचिकित्सेत आहे आणि त्यात सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव व दोन प्रकारची जिरी यांच्याबरोबर हिंग येतो, पण हिंगाचे झाड इराण-अफगाणिस्तानकडचे, म्हणजे वैद्याच्या खलाला त्या मुलखाकडून येणाऱ्या व्यापारी मालावाचून गत्यंतर नव्हते. विसाव्या शतकात पोटाच्या तक्रारीवरचा इलाज बाटलीत आला. १९२० मध्ये हकीम मुहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनी हैदराबादेत सुरू केलेले ‘जिंदा तिलिस्मात’ हे निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल यांचे मिश्रण सर्दीपासून पोटदुखीपर्यंत घराघरांत वापरले जाऊ लागले. त्याने सामान्यांची सोय झाली, हे मान्यच करावे लागेल. परंतु अजीर्ण कोणत्या जातीचे आहे हे आधी ओळखण्याची पायरी तयार औषधांच्या या काळात मागे पडली. हिंगाष्टकाचेही तसेच झाले. ते तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावे, असे ग्रंथ सांगतो, तर आज बाजारातून आणलेले चूर्ण बहुतेक घरांत जेवण उरकल्यावर, पोट जड झाले की मग, तोंडात टाकले जाते.