लिंबू, तांदळातले खडे आणि पदवीधराची पहिली गाडी

डिसेंबर १९६७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द ग्रॅज्युएट’ या अमेरिकी चित्रपटाचा नायक बेंजामिन नुकताच पदवीधर झालेला आहे. आईवडिलांनी त्याला तांबडी अल्फा रोमिओ स्पायडर भेट दिली आहे. गाडी इटालियन आणि कोरी करकरीत. तिच्यातून तो बर्कलेपर्यंत जातो, आणि अखेरीस ऐन मोक्याच्या वेळी पेट्रोल संपून ती रस्त्यातच थांबते. बेंजामिनचे घर सधन होते. त्याच्या पिढीतल्या बहुतेक पदवीधरांच्या वाट्याला मात्र कुणीतरी आधी वापरलेली गाडीच येणार होती, आणि ती विकणारा माणूस खरे बोलतो आहे की नाही, हे कळायला त्यांच्याकडे काहीही साधन नव्हते.

योगायोग असा की, नेमका हाच प्रश्न त्या सुमारास बर्कलेतच एका तरुण प्राध्यापकाच्या डोक्यात घोळत होता. जॉर्ज अकरलॉफ तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. लोक जुन्यापेक्षा नवी गाडी का पसंत करतात, याचा विचार करताना ते विकणाऱ्याविषयीच्या संशयापर्यंत येऊन पोहोचले. अमेरिकी बोलीत खोट असलेल्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. समजा, बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, दोन हजार डॉलरच्या योग्यतेच्या आहेत आणि निम्म्या एक हजाराच्या. गिऱ्हाइकाला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव धरून दीड हजार देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात विकण्यापेक्षा घरीच ठेवतो. तो बाजूला झाला की बाजारात लिंबांचे प्रमाण वाढते, गिऱ्हाईक भाव आणखी पाडतो, आणि उरलेले प्रामाणिक विक्रेतेही निघून जातात. शेवटी बाजारात उरतात ती लिंबेच.

आलिशान सेडानच्या बाबतीत हा पेच अधिकच अवघड होतो. अशी गाडी पाचसहा वर्षांत इतकी उतरते की, नव्या नोकरदाराच्या आवाक्यात येते. परंतु उतरते ती गाडीची किंमत. सुट्या भागांची नव्हे. तिचा गिअरबॉक्स बिघडला, तर दुरुस्तीचा आकडा नव्या गाडीच्या श्रीमंत मालकाला शोभेल असाच येतो. स्वस्त मिळालेल्या श्रीमंतीने कर्जात लोटलेले पदवीधर त्या देशात काही थोडे झाले नसतील.

अकरलॉफ यांनी १९६७ च्या जूनमध्ये आपला निबंध एका नियतकालिकाकडे पाठवला आणि ते वर्षभरासाठी भारतात आले. दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत. निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला. विषय क्षुल्लक आहे, असे दोघांचे मत पडले. तिसऱ्याचा आक्षेप गमतीचा होता: हे खरे मानले, तर अर्थशास्त्रच बदलावे लागेल. १९७० मध्ये चौथ्या ठिकाणी तो छापून आला आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पुरस्कार मिळाला. त्या निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. बाजारातून आणलेल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि ते निवडत बसणाऱ्या तिला हा सिद्धान्त आधीच ठाऊक असतो, असा त्यातला आशय. सूप घेऊन ओसरीवर बसलेल्या आजीला नोबेल मिळाले नाही, एवढेच.

गाडी मात्र सुपात पाखडता येत नाही. तिच्यासाठी कायदा हवा होता. ओडोमीटरचा आकडा मागे फिरवणे ही अमेरिकेतील जुनी लबाडी. १९७२ मध्ये संघीय कायद्याने तिला बंदी केली. १९८६ च्या कायद्याने विक्रीच्या वेळी तो आकडा मालकीच्या कागदावरच नोंदवणे बंधनकारक केले. या दोहोंच्या मधल्या काळात जे घडले, ते अधिक बोधक आहे.

१९७५ च्या वॉरंटीविषयक कायद्यान्वये काँग्रेसने फेडरल ट्रेड कमिशनला जुन्या गाड्यांसाठी नियम करायला सांगितले. १९८१ मध्ये नियम तयार झाला. त्यातले कलमी वाक्य साधे होते: विक्रेत्याला गाडीतला मोठा दोष माहीत असेल, तर त्याने तो गिऱ्हाइकाला लेखी कळवावा. वितरकांच्या संघटनेने याविरुद्ध रान उठवले. मे १९८२ मध्ये काँग्रेसने तो नियम फेटाळला. सेनेटमध्ये ६९ विरुद्ध २७ आणि प्रतिनिधिगृहात २८६ विरुद्ध १३३ मतांनी. आपल्याच आदेशावरून झालेला नियम असा रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसने स्वतःकडे राखून ठेवला होता.

तो अधिकार ज्या खटल्याने गेला, त्याचा गाड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा तरुण १९६६ मध्ये ब्रिटिश पारपत्रावर अमेरिकेत शिकायला आला. १९७२ मध्ये त्याचा व्हिसा संपला. परत पाठवू नये, असा निर्णय मिळूनही प्रतिनिधिगृहाने तो ठरावाने फिरवला. जून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचा हा नकाराधिकारच घटनाबाह्य ठरवला; आणि पाठोपाठ जुलैमध्ये, त्याच न्यायाने, जुन्या गाड्यांच्या नियमावरचा नकारही गेला. एका परदेशी विद्यार्थ्याच्या हद्दपारीने अमेरिकी गिऱ्हाइकाला जवळजवळ जिंकून दिले होते.

जवळजवळच. कमिशनने १९८४ मध्ये नियम पुन्हा काढला, पण ज्ञात दोष सांगण्याची अट अंमलात आणणे कठीण म्हणून गाळून टाकली. १९८५ पासून प्रत्येक वितरकाच्या जुन्या गाडीच्या काचेवर एक कागद लागला: वॉरंटी आहे, की गाडी ‘आहे तशी’ विकली जात आहे. उपयोगी कागद खरा, पण गाडीत काय बिघडले आहे, एवढी एकच गोष्ट त्यावर नव्हती. नियमाचा प्राणच काढून घेऊन कलेवर काचेला चिकटवले, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

खडा बदल आला तो कायद्याकडून नव्हे, कारखान्याकडून. १९८१ पासून जपानने अमेरिकेला वर्षाला १६.८ लाखच मोटारी पाठवण्याची मर्यादा स्वीकारली होती. गाड्या मोजक्याच पाठवायच्या, तर त्या महाग का असू नयेत? १९८३ मध्ये टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातल्या सर्वोत्तम सेडानला तोड देणारी गाडी घडवण्याचे आव्हान आपल्या माणसांपुढे ठेवले. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांच्या हाताखाली सुमारे १,४०० अभियंते राबले, ४५० च्या आसपास चाचणी-गाड्या बनल्या. सप्टेंबर १९८९ मध्ये लेक्सस एलएस ४०० अमेरिकेत विक्रीला आली. चार लिटरचे व्ही-८ इंजिन, आणि किंमत ३५,००० डॉलर. जर्मन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा पुष्कळ कमी.

तीनच महिन्यांत नामुष्की ओढवली. डिसेंबरमध्ये मागच्या उंचावरील ब्रेक-दिव्यात आणि क्रूझ कंट्रोलमध्ये दोष आढळून सुमारे ८,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने माणसे ग्राहकांच्या दारी धाडली, गाड्या नेऊन दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत केल्या. हे सारे वीस दिवसांत उरकले. १९८१ च्या नियमाने जे वितरकांकडून मागितले होते, ते येथे विकणाऱ्याने आपण होऊन केले: दोष स्वतः सांगितला. १९९३ मध्ये लेक्ससने भाडेकरारावरून परत आलेल्या गाड्या तपासून, वॉरंटीसह, ‘प्रमाणित’ म्हणून विकायला आरंभ केला. संशयावर उतारा म्हणून अकरलॉफ यांनी हमी आणि नाममुद्रा यांचीच नावे घेतली होती.

म्हणून नव्वदीच्या अखेरीस, पहिल्या पगारातून शिल्लक टाकणाऱ्या अमेरिकी पदवीधराला जुनी एलएस ४०० हा वेडेपणा न वाटता हिशेब वाटू लागला. एका मोटार-पत्रकाराने सुमारे नऊ लाख मैल चाललेली अशीच १९९६ ची गाडी २०१४ मध्ये विकत घेतली आणि २०१९ मध्ये ती दहा लाखांच्या पुढे गेली. अर्थात नावावर विसंबून डोळे मिटून घेण्यासारखी ती गाडी नव्हती. तिचा टायमिंग बेल्ट सुमारे ९०,००० मैलांवर बदलावा लागे आणि पॉवर स्टिअरिंगचे तेल झिरपून खालच्या अल्टरनेटरवर पडे. जाणता खरेदीदार बॉनेट उघडून विजेरी मारी, तेलाचा डाग शोधी, आणि मग बेल्ट बदलल्याची पावती मागे.